टेबल मिळाले, सल्ला कोण देणार? सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या कोवर्किंग केंद्रांचा हिशेब

नवउद्योजकांसाठी सरकारी किंवा पालिकेच्या खर्चाने कोवर्किंग केंद्र सुरू झाल्याची बातमी आता जगात कुठेच नवलाईची राहिलेली नाही. बातमीचा साचाही ठरून गेला आहे. फीत कापतानाचे छायाचित्र, मागे रंगीत खुर्च्या, भिंतीवर एखादे स्फूर्तिदायक वाक्य आणि मजकुरात आसने किती, चौरस फूट किती, इंटरनेटचा वेग किती याचा तपशील. शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी ‘तज्ज्ञांचे मार्गदर्शनही मिळेल’ एवढे तीन शब्द येतात आणि बातमी संपते.

वाचकाच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो. ज्याला धंदा करायचा आहे त्याने आपली जागा आपण शोधावी; त्याच्या टेबलखुर्चीचा भार करदात्याने का उचलावा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केंद्रात खुर्च्या किती आहेत यावर फारसे अवलंबून नसून त्या शेवटच्या तीन शब्दांमागे प्रत्यक्षात काय उभे आहे यावर अवलंबून आहे, असे आतापर्यंतचे अभ्यास सांगतात.

आधी शब्द नीट समजून घेऊ

एकमेकांशी व्यावसायिक संबंध नसलेले अनेक छोटे व्यवसाय एकाच कार्यालयात आसनागणिक भाडे देऊन बसतात, तेव्हा त्याला कोवर्किंग म्हणतात. सभाकक्ष, प्रिंटर, इंटरनेट, स्वागतकक्ष हे सगळे सामायिक असते आणि भाडे महिन्याचे, आठवड्याचे, कधी एका दिवसाचेही असते. आज ज्या अर्थाने हा शब्द वापरला जातो त्या अर्थाची सुरुवात २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरने केली, असे सामान्यतः मानले जाते. नोकरीची बांधिलकी नको होती, पण एकट्याने घरी बसून काम करण्याचा कंटाळाही आला होता, म्हणून त्याने आठवड्यातून दोन दिवस एक जागा घेऊन तिथे टेबले मांडली. पहिला महिनाभर तिथे कोणीही फिरकले नाही. टेबले मांडली म्हणजे माणसे येतात असे नाही, हा धडा या कल्पनेच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

दुसरा शब्द इन्क्युबेटर. हा कोवर्किंगपेक्षा पुष्कळ जुना. न्यूयॉर्क राज्यातील बटाव्हिया गावात शेती अवजारांचा मोठा कारखाना बंद पडला, गावात बेरोजगारी पसरली आणि सुमारे साडेआठ लाख चौरस फुटांची अवाढव्य इमारत मोकळी पडली. ती विकत घेणाऱ्या मॅन्कुसो कुटुंबातील जोसेफ मॅन्कुसो यांना एवढ्या जागेसाठी एक मोठा भाडेकरू मिळेना, तेव्हा १९५९ साली त्यांनी ती तुकड्यातुकड्याने छोट्या व्यावसायिकांना देण्यास सुरुवात केली आणि जागेबरोबर कार्यालयीन सेवा व व्यवसायाचा सल्लाही देऊ केला. भाडेकरूंमध्ये कोंबड्यांचा व्यवसाय करणारी एक कंपनी होती. त्यावरून मॅन्कुसो गमतीने आपल्या इमारतीला ‘इन्क्युबेटर’, म्हणजे अंडी उबवण्याचे यंत्र, म्हणू लागले आणि पुढे जगभर हाच शब्द रूढ झाला. हा प्रयोग खासगी होता हे खरे. पण जागा अधिक सेवा अधिक सल्ला हा तिहेरी साचा पुढे सरकारांनी इथूनच उचलला.

तिसरा शब्द मेंटॉर, आणि खरा गोंधळ याच शब्दाभोवती आहे. शिक्षक विषय शिकवतो, सल्लागार शुल्क घेऊन काम करून देतो. मेंटॉर या दोघांहून वेगळा. तो स्वतः त्या वाटेने गेलेला, ठेचा खाल्लेला माणूस असतो. ठरावीक काळाने भेटून तो उद्योजकाच्या प्रत्यक्ष कारभारावर प्रश्न विचारतो, पण निर्णय मात्र उद्योजकावर सोडतो. अमेरिकेच्या लघुउद्योग प्रशासनाने १९६४ साली ‘स्कोर’ ही संघटना उभी केली ती याच कामासाठी. निवृत्त व्यावसायिक तिथे नव्यांना विनामूल्य मार्गदर्शन करतात आणि हे काम आजही चालू आहे.

सरकारने यात का पडावे?

व्यवसायाचे खर्च दोन प्रकारचे असतात. काही खर्च विक्रीबरोबर वाढतात आणि विक्री घटली की घटतात, जसे कच्चा माल. काही खर्च मात्र विक्री होवो वा न होवो, महिना भरला की दारात उभे राहतात. भाडे हा या दुसऱ्या प्रकारातला सर्वांत हट्टी खर्च. तीन वर्षांचा करार, अनामत रक्कम, फर्निचर, वीजजोडणी हे सगळे पहिला ग्राहक मिळण्याआधीच करावे लागते आणि आठ महिन्यांत धंदा गुंडाळावा लागला तरी करार मागे लागलेलाच असतो. त्यामुळे धोका नेमका किती आहे हे कळण्याआधीच तो पूर्ण पत्करावा लागतो.

खासगी कोवर्किंगवाले हीच अडचण सोडवतात, पण त्यांचेही एक गणित आहे. ते इमारतमालकाशी लांब मुदतीचा करार करतात आणि ग्राहकांना महिन्याच्या बोलीवर जागा देतात, म्हणजे मधला सगळा धोका स्वतःच्या अंगावर घेतात. या व्यवसायातील सर्वांत गाजलेली कंपनी वीवर्क नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, त्यामागे लांब मुदतीच्या या भाडेकरारांचे ओझे मोठे होते. साहजिकच असा धोका जिथे भाडे देणारे ग्राहक रांगेने उभे आहेत अशा मोठ्या शहरांच्या मोक्याच्या भागांतच घेतला जातो. छोट्या गावात, उपनगराच्या कडेला किंवा कारखाने बंद पडलेल्या पट्ट्यात कोणी खासगी माणूस तो घेत नाही. सार्वजनिक पैशाची पहिली जागा ही.

दुसरे कारण ज्ञानाशी संबंधित आहे. एखाद्याने नवी पद्धत शोधली, नवी बाजारपेठ चाचपून पाहिली किंवा सपशेल फसला, तरी त्यातून आजूबाजूचे शिकतात. पण शिकवणीचे पैसे त्याला कोणी देत नाही. ज्या कामाचा फायदा इतरांकडे झिरपतो ते काम बाजाराच्या भरवशावर सोडले तर समाजाला हवे त्यापेक्षा कमी होते. सार्वजनिक वाचनालये आपण याच न्यायाने चालवतो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चांगला सल्ला विकत घेण्यासाठी चांगला सल्ला कोणता हे ओळखता यावे लागते आणि नवख्याला नेमके तेच येत नसते. ज्याला दूरचे दिसत नाही त्याला चष्म्याच्या दुकानाची पाटीही वाचता येत नाही, त्यातली ही गत आहे. इस्रायलमध्ये १९९०च्या सुमारास सोव्हिएत संघातून फार मोठ्या संख्येने लोक आले आणि त्यांत अभियंते व वैज्ञानिकांचा भरणा होता. त्यांच्याकडे ज्ञान होते, कल्पना होत्या. परंतु खुल्या बाजारात वस्तू विकायची कशी, करार कसा करायचा, भांडवल कोणाकडे मागायचे याचा अनुभव नव्हता. १९९१ पासून तिथल्या सरकारने तंत्रज्ञान इन्क्युबेटरांची योजना राबवली ती या दरीवर पूल बांधण्यासाठी. बुद्धी असणे आणि बाजार कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीची उणीव शिकल्यासवरल्या माणसांनाही भासते.

जागेने नेमके काय साधते?

जागेला कमी लेखू नये. व्यवसायाची नोंदणी करताना पत्ता लागतो, ग्राहकाला बोलवायला बैठकीची खोली लागते, आणि सकाळी उठून एका ठरलेल्या ठिकाणी जाण्याची शिस्त एकट्याने काम करणाऱ्याला किती उपयोगी पडते हे ज्याने घरच्या जेवणाच्या टेबलावर धंदा सुरू केला आहे त्याला वेगळे सांगायला नको. शिवाय शेजारी बसलेल्या माणसाकडून सहज कानावर पडणारी माहिती असते: कोणते सॉफ्टवेअर वापरायचे, कोणता पुरवठादार वेळ पाळत नाही, कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर अडकतो.

पण या सहज शिकण्याला एक मर्यादा आहे आणि ती चक्क मीटरमध्ये मोजली गेली आहे. अमेरिकेतील एका मोठ्या कोवर्किंग इमारतीतील २५१ स्टार्टअपचा संशोधकांनी अभ्यास केला. तिथे खोल्यांचे वाटप कोणाच्या निवडीने झालेले नसल्याने शेजाऱ्याचा परिणाम वेगळा काढून पाहता आला. एका स्टार्टअपने वापरायला घेतलेले तंत्रज्ञान शेजारचाही उचलतो, हे दिसले. मात्र सुमारे २० मीटरच्या पुढे हा परिणाम झपाट्याने ओसरत गेला. सामायिक स्वयंपाकघरासारख्या जागांमुळे हे अंतर काहीसे भरून निघते, असेही आढळले.

याचा अर्थ असा की पाच मजली भव्य केंद्र म्हणजे शिकण्याच्या दृष्टीने पाच वेगळी गावे असू शकतात आणि पाण्याचा कूलर कुठे ठेवायचा हा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. उद्घाटनाच्या भाषणात मजल्यांची संख्या सांगतात, कूलरची जागा कोणी सांगत नाही.

मेंटॉरबरोबरचा एक तास

मार्गदर्शन या शब्दाला इतका मुलामा चढला आहे की त्यात प्रत्यक्ष काय होते हे जवळून पाहिल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. तेव्हा अशी एक बैठक डोळ्यांसमोर आणू. एक उद्योजिका व्हीलचेअर जोडून रुग्णालयांना पुरवते. आतापर्यंत तिला दहा-दहाच्या ऑर्डर मिळत. आज एका रुग्णालयाने एकदम चाळीस खुर्च्या मागवल्या आहेत आणि ती आनंदाने ऑर्डरचा कागद पुढे करते. मेंटॉर कागद वाचतो आणि विचारतो, “सुट्या भागांचे पैसे तुम्हाला किती दिवसांत चुकते करावे लागतात?”

“पंधरा दिवसांत.”

“आणि रुग्णालयाकडून पैसे कधी येतात?”

“करारात तीस दिवस लिहिले आहेत.”

“करार राहू द्या. मागची तीन बिले काढा.”

ती फोनवर बँकेचे खाते उघडते. एका बिलाचे पैसे ५८ दिवसांनी आले आहेत, दुसऱ्याचे ७१, तिसऱ्याचे ६४. मेंटॉर एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढतो, पंधराव्या दिवशी एक खूण करतो, चौसष्टाव्या दिवशी दुसरी आणि दोन खुणांमधल्या जागेवर पेन्सिल फिरवतो. जवळपास पन्नास दिवस. दहा खुर्च्यांच्या ऑर्डरमध्ये दहा खुर्च्यांच्या भागांचे पैसे पन्नास दिवस अडकत होते, ते तिने कसेबसे निभावले. आता चाळीस खुर्च्यांचे अडकणार आहेत. धंदा रोजच्या रोज चालू ठेवण्यासाठी हाताशी लागणाऱ्या या पैशाला खेळते भांडवल म्हणतात. फायद्यात चाललेले धंदेही कोलमडतात ते पुष्कळदा हे भांडवल आटल्यामुळे, आणि मोठी ऑर्डर ते आणखी वेगाने आटवते.

त्यानंतरची चर्चा उपायांची. तृतीयांश रक्कम आगाऊ मागता येईल, खुर्च्या दहाच्या चार हप्त्यांत देता येतील किंवा सुट्या भागांच्या पुरवठादाराकडे पंधराऐवजी पंचेचाळीस दिवसांची मुदत मागता येईल. आगाऊ रक्कम मागितली तर ग्राहक दुखावेल, अशी तिला धास्ती आहे. “मलाही पहिल्या वेळी तसेच वाटले होते,” मेंटॉर म्हणतो. “दोन रात्री झोप नव्हती. समोरच्याने फक्त ‘किती?’ एवढेच विचारले.” गुरुवारपर्यंत रुग्णालयाच्या खरेदी अधिकाऱ्याशी बोलायचे आणि काय झाले ते कळवायचे, असे वहीत लिहून बैठक संपते.

या तासाला दोन खुर्च्या, एक कागद आणि एक पेन्सिल पुरली. उद्योजिकेला रोकडप्रवाहाचे ज्ञान नव्हते असेही नाही. कदाचित तिने त्यावरचे व्याख्यानही ऐकले असेल. व्याख्यानात मात्र तिची मागची तीन बिले काढायला कोणी सांगितले नव्हते आणि गुरुवारी काय झाले हे कोणी विचारणार नव्हते.

पुरावा काय सांगतो?

अशा योजनांचे यश मोजताना एक सापळा असतो. केंद्रातले उद्योजक बाहेरच्यांपेक्षा पुढे गेले, एवढ्यावरून केंद्रामुळे ते पुढे गेले असे ठरत नाही. निवड करतानाच होतकरू लोक घेतले गेले असतील. हा सापळा टाळण्याची एक युक्ती परीक्षेच्या उदाहरणाने समजते. उत्तीर्ण होण्याची मर्यादा ३५ गुणांची असेल, तर ३४ गुण मिळवणारा आणि ३६ गुण मिळवणारा यांच्या कुवतीत म्हणण्यासारखा फरक नसतो. एकाला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्याला नाही, एवढाच फरक. पुढे दोघांच्या वाटचालीत अंतर पडले तर त्याचे श्रेय प्रवेशाला देता येते.

चिलीच्या सरकारने २०१० साली सुरू केलेल्या ‘स्टार्ट-अप चिली’ या योजनेची तपासणी नेमकी याच पद्धतीने झाली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या योजनेत निवड झालेल्यांना कंपनीतील हिस्सा न मागता रोख अनुदान व कोवर्किंगची जागा मिळे. त्यांपैकी स्पर्धेतून निवडलेल्या थोड्यांना त्याखेरीज उद्योजकतेचे प्रशिक्षण मिळे: ठरावीक उद्दिष्टे आखणे, ती गाठली का याचा नियमित आढावा आणि अनुभवी लोकांशी गाठीभेटी. रोकड, जागा आणि प्रशिक्षण हे तिन्ही मिळालेले उद्योग लक्षणीयरीत्या पुढे गेले. फक्त रोकड आणि जागा मिळालेले उद्योग थोडक्यात हुकलेल्या अर्जदारांपेक्षा पुढे गेल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

दुसरा अभ्यास केनियातला, नैरोबीच्या दांडोरा या गरीब वस्तीतल्या अगदी छोट्या धंद्यांचा. तिथे व्यवसाय चालवणाऱ्या काही तरुणींना वर्गात बसवून व्यवसायशिक्षण दिले गेले, तर काहींची त्याच वस्तीतील अनुभवी व्यावसायिक स्त्रीशी गाठ घालून दिली गेली. वर्गातल्या शिक्षणाने हिशेब ठेवण्याच्या सवयी बदलल्या, नफा बदलला नाही. अनुभवी बाईशी जोडून दिलेल्यांचा नफा मात्र सरासरी २० टक्क्यांनी वाढला, आणि त्यामागे स्वस्त पुरवठादार कुठे मिळतो यासारखी अगदी स्थानिक माहिती होती. पण याच अभ्यासाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही: जोड्यांच्या भेटी थांबत गेल्या तसा हा फायदाही विरत गेला.

तिसरा अभ्यास भारतातला. तंत्रज्ञान क्षेत्रातील १०० स्टार्टअपच्या संस्थापकांच्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, जोड्या लावून त्यांना एकमेकांशी माणसे सांभाळण्याच्या पद्धतींवर चर्चा करायला लावली गेली. नियमित बैठका, स्पष्ट उद्दिष्टे, कर्मचाऱ्यांना वेळोवेळी अभिप्राय अशी शिस्त पाळणारा जोडीदार ज्यांना मिळाला, त्यांचे व्यवसाय दोन वर्षांनी ढिसाळ पद्धतीचा जोडीदार मिळालेल्यांपेक्षा २८ टक्क्यांनी मोठे होते आणि ते बंद पडण्याची शक्यता १० टक्केबिंदूंनी कमी होती. म्हणजे सल्ला मिळाला की झाले असे नाही. सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा कारभार कसा आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

चिली, केनिया आणि भारत यांची परिस्थिती वेगळी, व्यवसायांचे आकारही वेगळे; तेव्हा या तिन्हींना एका माळेत ओवताना सावध राहायला हवे. तरीही तिन्हींचा कल एकाच दिशेला आहे, आणि ती दिशा रंगीत खुर्च्यांची नाही.

मग वाईट मेंटॉर मिळाला तर?

मिळतो, आणि वारंवार मिळतो. ‘आमच्या काळी’ने सुरू होणारी आत्मकथा तासभर ऐकवणारा मेंटॉर ज्याला भेटला नाही असा नवउद्योजक विरळाच. आयुष्यभर मोठ्या कंपनीत वरच्या पदावर राहिलेल्या माणसाला पगार देण्यासाठी पैसे जुळवण्याची घालमेल कधी अनुभवावी लागलेली नसते. काही जण मार्गदर्शनाच्या आडून कंपनीत हिस्सा मागतात, काही स्वतःच्याच परिचितांकडे कामे वळवतात. म्हणून कशात मेंटॉरचे आर्थिक हितसंबंध आहेत हे लेखी घेणे, उद्योजकाची माहिती बाहेर जाणार नाही अशी हमी घेणे आणि दोन-तीन बैठकांनंतर कारण न देता जोडी बदलण्याची मुभा ठेवणे, एवढे तरी केंद्राने करायलाच हवे.

मेंटॉरला मानधन द्यावे का, यावर दोन मते आहेत. विनामूल्य काम करणारा मनापासून करतो हे बरोबर. पण त्याने तीन बैठका चुकवल्या तर त्याला जाब विचारणेही अवघड जाते. माझ्या मते बाजारभावाने नसले तरी नाव घेण्याजोगे मानधन आणि त्याबरोबर हजेरीची अट, हा मध्यममार्ग बरा.

‘तसेही जे झालेच असते’ त्यासाठी पैसे का द्यायचे?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्याच्याकडे भांडवल आहे, ओळखी आहेत, अनुभव आहे, त्याने केंद्र नसते तरी धंदा उभा केलाच असता. त्याला दिलेली सवलत ही निव्वळ भेट ठरते. दुसरा धोका असा की केंद्राच्या स्वस्त जागेवर वाढलेला व्यवसाय पलीकडच्या रस्त्यावर स्वतःच्या हिमतीवर भाडे भरणाऱ्याचे गिऱ्हाईक ओढून घेतो आणि एक रोजगार वाढल्याची नोंद होते तेव्हाच दुसरा गेल्याची नोंद कुठेच होत नाही. स्वस्त जागा ही सरकारी मदतच आहे, हे काही ठिकाणी कायद्यानेच मान्य केले आहे. युरोपीय संघात बाजारभावापेक्षा कमी भाड्याचा लाभ मदत म्हणून मोजला जातो आणि २०२४ पासूनच्या नियमानुसार अशी किरकोळ मदत एका उपक्रमाला तीन वर्षांत एका सदस्यदेशाकडून ३ लाख युरोपेक्षा अधिक मिळू शकत नाही.

प्रवेश कोणाला द्यायचा हा प्रश्न यामुळे अवघड होऊन बसतो. केंद्रचालकाला वरिष्ठांपुढे चांगले आकडे ठेवायचे असतात, म्हणून तो आधीच तगडे असलेले उद्योग निवडतो. फक्त निरोगी माणसे दाखल करून घेणारे रुग्णालय यशाचा दर शंभर टक्के दाखवू शकते, पण त्याचा उपयोग कोणाला? सार्वजनिक पैसा जिथे खरा फरक पाडतो ती माणसे यादीच्या मधल्या भागात असतात: कल्पना टिकाऊ आहे, हाताला कौशल्य आहे, पण बाजार माहीत नाही आणि विचारायला कोणी नाही.

सरकारी केंद्राची स्वस्त जागा आपले गिऱ्हाईक ओढून नेते, ही खासगी कोवर्किंगवाल्यांची तक्रार याच वर्गातली आहे आणि तिचे उत्तर सोपे आहे. जिथे खासगी केंद्रे आहेत तिथे सरकारने नवी इमारत न बांधता त्यांच्याकडचीच आसने ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घ्यावीत आणि वाचलेले पैसे मार्गदर्शनावर खर्च करावेत.

निम्मे उद्योग बंदच पडतात, मग पैसा वायाच ना?

अमेरिकेच्या कामगार आकडेवारी विभागाच्या नोंदींनुसार नव्या आस्थापनांपैकी साधारण एक पंचमांश पहिल्या वर्षात बंद होतात आणि पाच वर्षांत सुमारे निम्म्या. हे सर्वसाधारण प्रमाण आहे. केंद्रातले सगळेच उद्योग तगावेत ही अपेक्षाच चुकीची. एवढेच नव्हे, तर चालणार नसलेला धंदा लवकर आणि स्वस्तात बंद होणे हाही केंद्राचा एक फायदाच धरायला हवा. घर गहाण टाकून तीन वर्षे ओढलेला धंदा आणि महिन्याच्या बोलीवरच्या टेबलावर आठ महिने पारखून सोडून दिलेला धंदा, या दोन्हींची नोंद ‘बंद’ अशीच होते; पण पहिला माणूस कर्जात बुडालेला असतो आणि दुसरा पुढच्या प्रयत्नाला मोकळा. चांगला मेंटॉर कधीकधी ‘आता थांबा’ असेही सांगतो. ते सांगण्याचे धैर्य त्याला राहावे, म्हणून केंद्राचे यश केवळ तगलेल्या उद्योगांच्या संख्येवर मोजू नये.

सगळे घरून चालते, मग जागा कशाला?

ज्यांचे चालते त्यांना जागा देऊच नये. मार्गदर्शनाच्या बैठका काही अंशी व्हिडिओ कॉलवरही होतात आणि दुर्गम भागात तोच एक मार्ग असतो. फक्त पहिली ओळख समोरासमोर झालेली बरी; मागची तीन बिले दाखवायला विश्वास लागतो आणि पडद्यावर तो सावकाश जमतो.

मुदत, ओळखपाळख आणि कायमचे भाडेकरू

स्वस्त जागेतून उठायला कोणालाच आवडत नाही. मुदत ठरलेली नसेल तर दोन-तीन वर्षांत केंद्र त्याच त्या चेहऱ्यांनी भरते, नव्यांना प्रतीक्षायादीत थांबावे लागते आणि चालकालाही भरलेली आसने दाखवता येत असल्याने तो काही बोलत नाही. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच बाहेर पडण्याची तारीख लिहिलेली असावी आणि भाडे टप्प्याटप्प्याने बाजारभावाकडे नेले जावे. निवड कोण करते हेही तितकेच महत्त्वाचे: निवडसमितीत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष व्यवसाय करणारे लोक असावेत, निकष आधी जाहीर व्हावेत आणि नाकारलेल्याला कारण कळावे. या गोष्टी कंटाळवाण्या आहेत खऱ्या, पण ओळखीच्या माणसांना फुकट कार्यालये वाटण्याचा मार्ग याच कंटाळवाण्या गोष्टींनी बंद होतो.

बातमीतला आकडा कसा वाचायचा?

‘५०० उद्योजकांना लाभ’ अशा मथळ्यात लाभ म्हणजे काय ते पाहावे. एका दिवसाच्या कार्यशाळेला हजेरी लावलेलेही त्यात धरले जातात. त्याऐवजी सलग सहा महिने एकाच मेंटॉरला भेटलेले किती, बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी पूर्ण भाडे भरून धंदा चालवणारे किती, आणि अर्ज नाकारलेल्यांचे पुढे काय झाले याची चौकशी केली आहे का, हे तीन प्रश्न विचारले तर बहुतेक मथळ्यांतली हवा निघते.

अंदाजपत्रकही असेच वाचता येते. इमारत, अंतर्गत सजावट आणि उद्घाटन हा एकदाच होणारा खर्च असतो आणि त्याला निधी मिळवणे तुलनेने सोपे जाते, कारण त्याचे छायाचित्र निघते. मेंटॉरचे मानधन, जोड्या लावणाऱ्या समन्वयकाचा पगार आणि भेटींचा पाठपुरावा हा दर वर्षी येणारा, छायाचित्र न निघणारा खर्च. कपात करायची वेळ आली की कात्री प्रथम त्यालाच लागते. दांडोऱ्यात भेटी थांबल्या तसा फायदा विरला, हे ध्यानात ठेवून तिसऱ्या वर्षाच्या तरतुदीत हा रकाना शिल्लक आहे का ते तपासावे. आणि अशा एखाद्या केंद्राला भेट देण्याची संधी मिळालीच, तर सभाकक्ष दाखवून झाल्यावर मेंटॉरच्या नोंदवहीतली मागच्या महिन्याची पाने पाहायला मागावीत: कोण कधी भेटले, काय करायचे ठरले, ते झाले का. उद्योजकांची नावे झाकून ठेवली तरी चालेल.